वर्षभर काही होत नाही

आमच्या मोबाइलवरच्या गटात मतांना कधी तोटा पडला नाही. आधी गणेशोत्सवाचा एकच गट होता. तिथे कुणी मोबाइलचं विचारलं की कार्यकारिणीतले लोक चिडायचे, इथे फक्त उत्सवाचं बोला म्हणायचे. म्हणून काही जणांनी वेगळा गट काढला. फोन, गेम, कूलर, इन्व्हर्टर, पोरांना किती वेळ खेळू द्यावं, कुठल्या चक्कीचं पीठ चांगलं, सगळं तिथे चालायचं. फोन फ्रीजमध्ये ठेवला की बॅटरी जास्त टिकते, असं एक बाई शपथेवर सांगायच्या. गेम खेळणाऱ्याची मान तिशीतच जाते, असं एका गृहस्थांचं म्हणणं होतं. त्यांची स्वतःची मान गेम न खेळताच गेलेली होती. ग्वाल्हेरातला मराठी माणूस रस्त्यावर हिंदीत बोलतो, दफ्तरात हिंदीत बोलतो, घरातही अर्धं हिंदीतच बोलतो. पण मत द्यायची वेळ आली की त्याला मराठी आठवते.

मी तिथे दुपारी बसायचो, दुकानात गिऱ्हाईक नसताना. माधवगंजात माझं जुन्या कंप्यूटरांचं दुकान आहे. लॅपटॉप, गेम खेळायची यंत्रं, त्यांचे रिमोट, सगळं घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं. हे दुकान मला कुणी दिलेलं नाही. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर तलवार घेऊन आले. माझ्यापर्यंत पोचेतो त्या तलवारीचा स्क्रू पिळायचा पेचकस झाला होता. मी दहावीनंतर शाळा सोडली, दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारला, त्याचं बघून बघून काम शिकलो आणि नंतर त्याच्याच समोर स्वतःचं शटर उघडलं.

जुन्या मालाच्या धंद्यात दोन गोष्टी याव्या लागतात. घेताना नावं ठेवायची. पंखा ओरडतो, बोर्ड गेलाय, हे कोण घेणार आता. विकताना भाव चढा सांगायचा, म्हणजे समोरच्याला तो पाडता येतो. दोघंही ओरडतात, दोघंही उठून जायला निघतात, आणि मध्ये कुठेतरी खरी किंमत सापडते. मतंही मी तशीच मांडायचो. गेमवाल्यांच्या महागड्या खुर्च्या म्हणजे शुद्ध लूट आहे, स्टुलावर बसा, असं मी लिहायचो. मग कुणीतरी पाठीच्या कण्यावर व्याख्यान द्यायचं, मी दोन शिव्या हासडायचो आणि शेवटी पाठ टेकायला साधी लाकडी खुर्ची पुरे, इथवर खाली यायचो. वाचणाऱ्यांनाही ते सवयीचं झालं होतं. सगळं जग असंच बोलतं, अशी माझी समजूत होती.

हे व्याख्यान देणारे नेहमी एकच असायचे. किला गेटजवळ राहणारे एक निवृत्त इंजिनिअर. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. त्यांच्या घराण्यात दरबारी कामकाज होतं, मग सरकारी कामकाज आलं. बोलणं हळू, लिहिणं मुद्देसूद, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'विचार व्हावा'. त्यांच्याशी माझं वाकडं गटाच्याही आधीचं होतं. एका वर्षी उत्सवात ऐन नाटकाच्या वेळी मांडवातली ध्वनियंत्रणा बंद पडली. मी दुकान बंद करून गेलो, धूळ खात दोन तास तिच्या पोटात हात घालून बसलो आणि ती चालू केली. एक पैसा घेतला नाही. शेवटच्या दिवशी आभार मानायला साहेब उभे राहिले. डॉक्टरांचे नावानिशी आभार, वकिलांचे नावानिशी आभार, हार देणाऱ्या बाईंचेसुद्धा नावानिशी. मग कागद उलटून म्हणाले, "आणि माधवगंजातल्या एका दुकानदारानेही मदत केली." मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. बायकोने माझा हात दाबून धरला, नाहीतर तिथेच उठलो असतो.

त्या एप्रिलअखेर कुणीतरी गटात विचारलं, लॅपटॉपचा खालचा भाग फुगलाय, टेबलावर ठेवला की डुलतो, वापरला तर चालेल का?

साहेबांनी लगेच उत्तर दिलं. बॅटरी फुगली आहे, तत्काळ बंद करा, चार्जर काढा, दाब देऊ नका, कंपनीच्या केंद्रात न्या. इथवर सगळं बरोबर होतं. पुढे लिहिलं होतं, 'कृपया गल्लीतल्या दुकानांत नेऊ नये. तिथे अर्धवट माहितीवर प्रयोग चालतात. विचार व्हावा.'

माझे कान तापले. मी काउंटरवर उभ्या उभ्या लिहिलं, 'फुगलेली बॅटरी म्हणजे पोट सुटलेला माणूस. तो काय लगेच मरतो? आरामात वापरा. वर्षभर काही होत नाही. घाबरवणारे घाबरवतात, त्यांना पेन्शन आहे, नवा लॅपटॉप परवडतो. मी रोज अशा बॅटऱ्या हाताळतो, कागदावर नाही, हाताने.'

हे लिहिताना मला खरं काय ते माहीत होतं, हे मी इथे स्वच्छ सांगतो. दुकानामागच्या कडुनिंबाखाली माझा वाळूने अर्धा भरलेला एक माठ आहे. फुगलेली बॅटरी मी त्यात पुरतो आणि विल्हेवाट लावेपर्यंत त्याच्याकडे पाठ करत नाही. अशी एक बॅटरी माझ्या टेबलावर पेटली होती. त्याची खूण मनगटाच्या वर आहे, म्हणून मी उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. 'वर्षभर' हा माझा चढा भाव होता. साहेब तो पाडतील, मी खवळेन, मग महिनाभर, मग आठ दिवस, आणि शेवटी 'बरं, काढूनच टाका, पण माझ्याकडे आणा' इथे येऊन थांबेन, असा माझा हिशेब होता.

स्क्रीनवर साहेब काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं. बराच वेळ दिसलं. मग ते थांबलं आणि खाली एक बारीक ओळ उमटली. साहेब गट सोडून गेले होते.

गटात हसण्याच्या चेहऱ्यांचा आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. 'काकांनी साहेबांची विकेट काढली.' 'एकदम सही, काका.' कुणीतरी माझा मजकूर मोठ्या अक्षरांत, मागे फुलं घालून, चित्रासारखा करून टाकला. भाव पाडायला कुणी आलंच नाही. मी त्या दिवशी जिंकलो असं मला वाटलं आणि त्या आनंदात घरी जिलबीसारखी गोड इमरती नेली.

मे महिना लागला. उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांचा नवतपा जवळ येत होता आणि दुपारची गरम वाऱ्याची लू दुकानाचं शटर चटका देईल इतकं तापवत होती. एका रविवारी गटात एक फोटो आला. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी कॉलेजातली एक मुलगी होती. ती गेम चांगला खेळायची, पाच मुलींची त्यांची टीम होती आणि गटातल्या बायका तिला कौतुकाने 'आमची खेळाडू' म्हणायच्या. फोटोत पलंगावर मिटलेला लॅपटॉप होता. त्याच्यावर टॉवेलमध्ये गुंडाळलेला घरचा वरवंटा ठेवलेला होता. खाली लिहिलं होतं, 'देसी जुगाड! काकांची फुगलेली बॅटरी. रोज दाबून ठेवते, पोट बसून जाईल. अजून मस्त चालतोय.' पुढे हसणारे चेहरे.

मी तो फोटो बोटांनी मोठा केला. लॅपटॉपच्या कडेला चार्जिंगचा दिवा लागलेला दिसत होता.

मी तिला खासगीत लिहिलं, दगड काढ, चार्जर काढ, मी येतोय. तिने अंगठा पाठवला. मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

दार तिनेच उघडलं. "काका, आपण? अहो, मी तर मजाक म्हणून टाकला होता फोटो."

"लॅपटॉप कुठाय?"

"आत. चार्जिंगला."

"तुला काढायला सांगितलं होतं ना?"

"फोनवर मॅच सुरू होती न."

तिची आई पदराला हात पुसत बाहेर आली. बाई दफ्तरात नोकरीला, नवरा बदलीवर दुसऱ्या जिल्ह्यात. मला ओळखत होती. "या भाऊ, बसा. सरबत घेता?"

मी न बसता आत गेलो. कूलर घुरघुरत होता. पलंगावर चादरीच्या मधोमध लॅपटॉप, त्याच्यावर वरवंटा. मी आधी भिंतीतला प्लग ओढला, मग दगड उचलला. झाकण बोटभर वर आलं आणि तसंच राहिलं. वाकून वास घेतला. नेलपॉलिशसारखा गोडसर वास होता. माझ्या टेबलावरची ती बॅटरी पेटण्याआधी असाच वास आला होता.

"हा मी घेऊन जातो," मी म्हणालो.

"घेऊन जाता म्हणजे?" आई दारात उभी होती.

"ताई, हा खराब झालाय. बॅटरी गेली, बोर्डावरही परिणाम झाला असेल. घरात ठेवण्यासारखा नाही."

बाई हसायला लागल्या. "भाऊ, शब्दसुद्धा तेच! आमचा जुना कंप्यूटर नेलात तेव्हाही हेच म्हणालात. बोर्ड गेलाय, पंखा ओरडतो, घरात ठेवण्यासारखा नाही. भंगाराच्या भावात दिला मी. तीन दिवसांनी माझी जाऊ सांगते, तो आपल्या दुकानाच्या काचेत उभा आहे, वर चिठ्ठी लावलेली, 'नव्यासारखा'."

"तो धंदा होता. हे वेगळं आहे."

"बरोबर. तो विकायचा होता. हा विकायचा नाहीये."

"मी विकत मागत नाहीये, ताई. नवी बॅटरी बसवून उद्या परत आणून देतो. फुकट."

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "आपण? फुकट? मम्मी, अब तो पक्का कुछ है इसमें."

"अगं, पेटेल तो!"

"पण आपणच तर लिहिलं होतं." तिने फोन काढून माझाच मजकूर वाचला. मागे फुलं असलेलं ते चित्र तिने जपून ठेवलं होतं. "'आरामात वापरा. वर्षभर काही होत नाही.' आपलंच आहे न? साल कुठे झालं काका, अभी तो एक महीना भी नहीं हुआ. पुढच्या रविवारी टूर्नामेंट आहे माझी. आठ दिवस द्या, मग न्या खुशाल."

"ते मी चूक लिहिलं होतं."

"तेव्हा चूक की आता चूक?" आईने विचारलं. आवाजात राग नव्हता. भाजीवालीला विचारावं तसं विचारलं.

मला तिथे शांत राहता आलं असतं. मनगट दाखवता आलं असतं, बाही वर करायचा अवकाश होता. पण माझं डोकं फिरलं की मला फक्त आवाज चढवता येतो. "अक्कल आहे का तुम्हाला?" मी ओरडलो. "दगड ठेवतात बॅटरीवर! घर जळेल तेव्हा खेळत बसा टूर्नामेंट!" आणि मी लॅपटॉपला हात घातला.

मुलीने तो माझ्या आधी उचलला आणि छातीशी धरून आतल्या खोलीत गेली. आई आडवी आली. "भाऊ, आवाज खाली. माझ्या घरात उभे आहात. दगड काढलात न? प्लग काढलात न? झालं. आता या."

आतून लोखंडी कपाटाचं हँडल फिरल्याचा आवाज आला. मी घेऊन जाऊ नये म्हणून तिने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. आमच्या शहरात उन्हाळ्यात रजया, गाद्या, स्वेटर सगळं त्या कपाटातच असतं.

दार माझ्या तोंडावर बंद झालं. मी जिन्यात उभा राहिलो. पुन्हा कडी वाजवली असती तरी काय सांगणार होतो? धोका आहे हे सांगायला माझ्याकडे होते नव्हते ते शब्द मी धंद्यात आधीच वापरून बसलो होतो. त्या घरात ज्याचं ऐकलं जाईल असा एकच माणूस मला आठवला, आणि त्याने गट सोडताना माझा नंबरही अडवून ठेवलेला होता. मी स्कूटर किला गेटकडे वळवली. वाटेत हवा अंगाला वाफेसारखी लागत होती, आणि माझ्या डोक्यात रजयांमध्ये ठेवलेली ती वस्तू होती.

साहेबांच्या पत्नीने दार उघडलं आणि मला बघून जरा मागे सरकल्या. साहेब बनियनवर, वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते.

"पाणी घ्या," ते म्हणाले.

"वेळ नाही, साहेब."

"आधी पाणी घ्या. आणि ओरडू नका, हिला बरं नाही."

मी पाणी एका घोटात संपवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "वास होता?"

"नेलपॉलिशसारखा."

साहेब उठले. फोन हातात घेतला, त्या बाईंचा नंबर काढला आणि तिथेच थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मी त्यांना काय सांगू? तुम्हाला कळत नव्हतं म्हणून तसं लिहिलंत, की कळत असून?"

किती सभ्यपणे विचारलं होतं त्यांनी. कळत नव्हतं म्हणालो तर मी तो अर्धवट माहितीचा गल्लीतला दुकानदार. कळत होतं म्हणालो तर त्याहून वाईट. मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला.

"कळत होतं," मी म्हणालो.

"मग ते तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, जुन्या भांडणापोटी बोलतोय." त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "वहिनी, मी बोलतोय. माधवगंजातले ते दुकानदार माझ्याकडे बसलेत. जरा ऐकून घ्या, महत्त्वाचं आहे."

मी बोललो. "ताई, मी गटात खोटं लिहिलं होतं. मला माहीत होतं. मी अशी बॅटरी दुकानात ठेवत नाही, मागे अंगणात वाळूत पुरतो. मला साहेबांना खाली पाडायचं होतं, म्हणून लिहिलं."

मग बाई म्हणाल्या, "माहीत होतं?"

"हो."

"माझी पोर महिनाभर तो उशाशी घेऊन झोपली, आणि आपल्याला माहीत होतं."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. तो बंद केलेला नव्हता. दूरवरून त्यांचा आवाज आला, "ए, कपाट उघड. तो लॅपटॉप काढ बाहेर, आत्ताच्या आत्ता."

साहेब ताडकन पुढे झाले. "वहिनी! हात लावू नका! दोघी घराबाहेर पडा! वहिनी!" इतकी वर्षं हळू बोलणारा तो माणूस फोनवर ओरडत होता आणि पलीकडे ऐकायला कुणी नव्हतं. किल्ली फिरली. हँडल फिरलं. मुलगी म्हणाली, "मम्मी, ये तो बहुत गर्म है." मग धावल्याचा आवाज. मग जाड कापड फाडावं तसा एक आवाज, आणि त्याच्यावर तिची किंकाळी.

आम्ही साहेबांच्या गाडीतून पोचलो तेव्हा क्वार्टरखाली माणसं जमली होती. शेजाऱ्यांनी बादल्यांनी पाणी आणि बांधकामाची वाळू टाकून आग विझवली होती. बाल्कनीच्या दारापाशी फरशी काळी पडली होती, पडदा अर्धा जळला होता. मुलीला तो लॅपटॉप बाहेर फेकायचा होता. दारापर्यंत पोचायच्या आत त्याने पेट घेतला. उजवा तळवा, बोटं आणि मनगटापर्यंतची कातडी गेली. शेजारचे लोक तिला आधीच दवाखान्यात घेऊन गेले होते. जिन्यात तिची एक चप्पल पडली होती.

साहेब गाडीत बसून राहिले. स्टिअरिंग धरूनच म्हणाले, "पहिलं वाक्य 'हात लावू नका' असायला हवं होतं."

पहिलं वाक्य माझ्या खोटेपणाचं होतं, कारण त्यांनी तेच आधी मागितलं होतं. माझी चूक मोठी आहे, ती मी कुणाच्या गळ्यात घालत नाही. पण ते अर्धं मिनिट त्यांचं आहे, आणि ते त्यांनाही माहीत आहे. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

गटात दोन दिवस मतांचा पूर आला. चार्जर लोकल असणार. ऊन फार आहे यंदा. मुलींना एवढं गेमचं वेड कशाला पाहिजे. कूलरची दमट हवा यंत्रांना मारते. जुनी बॅटरी फ्रीजमध्ये ठेवली असती तर हे झालं नसतं. मग बातमी फिरली की साहेबांनी वेळेवर फोन केला म्हणून निदान जीव वाचले. सगळ्यांनी त्यांना हात जोडून गटात परत घेतलं. मी लिहिलं, हे माझ्यामुळे झालं, मी जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं. त्यावर कुणीतरी लिहिलं, 'काका, मनाला लावून घेऊ नका, आपण तर बिचारे घरी जाऊन सांगून आलात.' खाली अंगठे आले. माझा मूळ मजकूर मी काढून टाकला होता, पण फुलांचं ते चित्र काढणं माझ्या हातात नव्हतं. इंदूरच्या एका नातेवाइकाने ते मला गेल्या आठवड्यात पाठवलं. खाली विचारलं होतं, 'हे खरं आहे का? आमचा पण फुगलाय.' मी त्याला लगेच फोन केला. तो म्हणाला, चार जणांना विचारून बघतो.

मुलगी घरी आल्यावर मी गेलो. बाईंनी दार उघडलं, अडवलं नाही. बसा मात्र म्हणाल्या नाहीत. मुलगी पलंगावर बसली होती, हात पांढऱ्या पट्टीत कोपरापर्यंत. टीमने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. डाव्या हाताने ती फोन टेबलावर ठेवून बोटाने फिरवत होती.

"काका, बघा तर. हा पण डुलतोय."

मी फोन घेतला, कडा बघितल्या, पाठीवर बोट फिरवलं, काचेवर सपाट ठेवून बघितला. वास घेतला. काही नव्हतं. टेबलाचा पाय आखूड होता. "हा ठीक आहे," मी म्हणालो. "अगदी ठीक आहे."

तिने आईकडे बघितलं.

बाई आल्या, चिमट्यासारख्या दोन बोटांनी तो फोन उचलला आणि बाल्कनीत जाऊन कठड्यावर ठेवला. दुपारचे तीन वाजले होते. कठडा सिमेंटचा, त्यावर ऊन असं पडलं होतं की बघवत नव्हतं.

"ताई, उन्हात ठेवू नका. चांगला फोन आहे, पण उन्हाने तापेल. उन्हात खरंच—"

"आपण बोलू नका," त्या म्हणाल्या. "काही सांगू नका आम्हाला. चांगलं नको, वाईट नको."

"सावलीत ठेवा निदान."

"आम्ही साहेबांना विचारू. संध्याकाळी."

मुलीने भिंतीकडे तोंड केलं. मी बाहेर आलो. खाली रस्त्यावरून तो फोन दिसत होता, कठड्याच्या टोकाला, काळा, चकचकीत. वर जाऊन सावलीत सरकवायला मला कुणी दार उघडणार नव्हतं. साहेबांना मी फोन लावला, तो लागला नाही. समोरच्या क्वार्टरच्या टाकीची सावली हळूहळू पुढे येत होती, पण तिला त्या कठड्यापर्यंत पोचायला तास-दीड तास तरी होता. जवळ बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. तिथे कुणाचं तरी लोखंडी घमेलं पडलं होतं. ते मी वाळूने भरलं, बाल्कनीच्या बरोबर खाली आणून ठेवलं आणि उन्हात उभा राहिलो.